मामा-भाच्यांनी पसंत केलेला शालू

शहापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी चष्म्याचे नंबर काढते आणि आठवड्यातून एकदा मुरबाडच्या शाखेत बसते. रंग नीट न ओळखणाऱ्या माणसाला ते बहुधा ठाऊकच नसतं, म्हणून मध्यंतरी आमच्या डॉक्टरांनी येईल त्याला रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवायला सांगितलं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो, तो वाचायचा.

मुरबाडला धसईकडचे एक शेतकरी जवळच्या चष्म्यासाठी आले होते. सोबत बायको. मी पान उघडलं.

“तीन,” ते म्हणाले.

“अवो, आठ हाय तो!” बाई मागून म्हणाल्या.

“तीन हाय. चष्मा तुलाच लागलाय.”

आणखी काही पानं उलटल्यावर माझी खात्री झाली. लाल आणि हिरव्यात त्यांना फारसा फरक दिसत नव्हता. मी म्हटलं, हे जन्मापासूनचं आहे, औषध नाही, पण यानं नजर जात नाही. आईकडून येतं, मामालाही असू शकतं.

बाई ताठ बसल्या. “मामाला? म्हंजे माझा शालू!”

लग्नाचा हिरवा शालू आणायला हेच मामा-भाचे कल्याणला गेले होते. एकमेकांना विचारून पसंत केला आणि आणला तो तपकिरी. मांडवभर कुजबुज झाली.

“मला वाटलं, स्वस्तात मिळाला म्हणून उचलला. इतकी वर्षं मनात ठेवलं मी!”

“मला तो अजून हिरवाच दिसतो,” नवरा पुटपुटला. यावर बाईंना असं हसू फुटलं की बाहेरचे पेशंट डोकावले.

पुढच्या आठवड्यात दोघं मामांना घेऊन हजर. म्हातारबुवा तोऱ्यात होते. “पुस्तकच चुकीचं छापलंय,” म्हणाले. पानं संपल्यावर मात्र त्यांनी पुस्तक मिटलं. मग भाचेसुनेकडे वळले.

“पळस फुलला का रान पेटल्यासारखं दिसतं म्हणतात. खरंच दिसतं गो?”

“दिसतं मामा. चुलीतला निखारा बघता ना? तसं, पण झाडभर.”

मामा म्हणाले, “मी आपला नुसता हो म्हणत आलो.”

“मी पण, मामा,” भाचा म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघून खो-खो हसायला लागले.