वैशालीताईंचा पूरिया

मंडळी, आज मी जळले. अगदी खरं सांगते.

नवीन पनवेलला आमचा ऐकणाऱ्यांचा छोटा ग्रुप आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि शास्त्रीय संगीतातलं आपलं आवडतं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवायचं. आज संध्याकाळी मी यमन नेला होता. गायिका, घराणं, बंदिश, सगळं दहा मिनिटं समजावून सांगितलं. लोक "छान" म्हणाले आणि चहाकडे वळले.

मग रोडपालीच्या वैशालीताईंची पाळी आली. त्या पोळीभाजीचे डबे करतात, ग्रुपमध्ये नवीनच आहेत. म्हणाल्या, "मला रागातलं काही कळत नाही. आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी हा मारवा लावायचे. ती गेल्यावर आज पहिल्यांदा ऐकतेय."

गाणं संपलं तरी चहाकडे कुणी वळलं नाही. नंतर सगळे त्यांच्याभोवती, "आम्हाला पाठवा ना!" त्यात आमचे हेसुद्धा! माझा यमन घरात रोज लागतो, तो यांनी कधी मागितला नाही.

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "हा मारवा नाही, पूरिया आहे."

"हो का? बरं झालं सांगितलंत," म्हणत त्यांनी ते लिहूनही घेतलं. अगदी मनापासून.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन यांच्या मोबाइलवर तो पूरिया दोनदा ऐकला. तुम्हीही ऐका, मागितलात तर पाठवते. शिफारस मात्र वैशालीताईंची आहे. वीस वर्षं ऐकूनही मला त्यांच्यासारखं ऐकता येत नाही, आणि जळफळाट अजून गेलेला नाही.

तुम्हाला असा हेवा कधी वाटलाय? मग तुम्ही काय केलंत?