बंगळूरला ज्ञानाचं पोर्टल पाहून आलो

लोक बंगळूरला बागा बघायला जातात, मी पोर्टल बघायला गेलो. पुतण्या निखिल तिथे पंपांची रबरी गॅस्केट बनवतो. फोनवर म्हणाला, "काका, कंपनीचं सगळं ज्ञान एका जागी आणलंय, बघायला या." आवाज मात्र रडवेला. खोदून विचारल्यावर कळलं, गॅस्केटवर फोड येतायत. सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने दोनदा नमुने परत केलेत. शुक्रवारी पुन्हा नापास झाले, तर काम पलीकडच्या कारखान्याला जाणार.

मी इंजिनं खोलता-खोलता शिकलेला माणूस, रबरातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी सांगलीहून बस धरली. माझ्या वयाच्यांनी खालचा बर्थच मागावा. वरच्यावर चढता येतं, उतरवायला माणसं लागतात.

बुधवारी सकाळी बसवनगुडीत लोण्यातला डोसा खाल्ला आणि मेट्रोने कारखाना गाठला. "मीटरवर स्वल्प जास्ती" ऐकायची हौस असेल तरच रिक्षा करा.

पोर्टल देखणं आहे. रजेचा अर्ज कसा भरावा यावर तीन चित्रफिती आहेत. 'फोड' शोधलं, तर उत्तर आलं: संबंधित व्यक्तीशी बोला. ती व्यक्ती म्हणजे रबर मिसळणारे राव अण्णा. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले.

"मग बोललास का?"

"काका, त्यांचं हँडओव्हर पूर्ण आहे. हिरवी टिक दिसते."

टिक काही कॉफी पाजत नाही, म्हणून निखिलला घेऊन चामराजपेटला अण्णांच्या घरी गेलो. त्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचीच.

"बसा हो. हवा ओली असली की ती पांढरी पूड पाणी धरते, त्याचेच फोड येतात. चिमटीत घ्यायची. गोळा झाली तर भट्टीत सुकवूनच रबरात घालायची. एवढंच की."

"हे लिहून का नाही दिलंत?" निखिलने विचारलं.

"जायच्या दिवशी फॉर्म दिला की तुम्ही. सगळा अनुभव दोन ओळींत लिहा म्हणे. मी लिहिलो, काम चांगलं होतं. आणि काव्याला ठाऊक आहे सगळं. दोन वर्षं माझ्या शेजारी उभी होती."

गुरुवारी सकाळी निखिलने मशीनवरच्या काव्याला गाठलं. "मला का नाही सांगितलंस?"

"सुपरवायझरना सांगितलं, सर. पोर्टलवर टाक म्हणाले. मला लॉगिन नाही."

निखिल तिच्या शेजारी उभा राहिला आणि आयुष्यात प्रथमच चिमटीत पूड धरली. दुपारपर्यंत गॅस्केट गुळगुळीत निघू लागली. शुक्रवारी नमुने पास झाले. संध्याकाळी 'पोर्टलचं यश' म्हणून केक कापला. मीही खाल्ला, केकचा काय दोष.

सांगलीत परतल्यावर मनात राहिली ती काव्याची चिमूट. स्पर्धेत टिकायचं कंपनीचं सगळं बळ त्या दोन बोटांत होतं, आणि ती दोन बोटं कुणाच्या हिशेबात नव्हती.

आठवड्याने निखिलचा फोन आला. "काका, पलीकडचा कारखाना काव्याला बोलावतोय."

"आता तर तिला लॉगिन दिलंय, तिने सगळं पोर्टलवर लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण ओली हवा ओळखायला तीच लागते."

"इथे राहायला तिला काय हवंय, ते विचारलंस?"

"अजून नाही, काका."

"मग फोन ठेव. ती जेवायला जायच्या आत विचार."