छप्पर उचलणारा वारा

सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन मला दोनच वर्षं झाली होती, तेव्हा कवठे महांकाळच्या बाजूचं कुस्तीचं एक स्टेडियम माझ्याकडे आलं. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर लांब झेपावलेलं पत्र्याचं छप्पर. खांब सगळे मागे, पुढे एकही नाही. मला त्याचा केवढा अभिमान!

छप्पर उभारणारे मिस्त्री साठीचे. लहानपण मेंढरांमागे गेलेलं. दुपारी पायऱ्यांच्या सावलीत आम्ही डबे उघडायचो. त्यांच्या घरच्या शेंगदाण्याच्या चटणीची चव अजून आठवते.

काम निम्म्यावर असताना समितीने ठरवलं, ऊन येतं म्हणून मागची उघडी बाजूही पत्र्याने बंद करायची. मी लगेच हो म्हटलं.

जेवता जेवता मिस्त्री म्हणाले, "आवं म्याडम, मागनं बंद केल्यावर वारं जानार कुठनं?"

"छप्पर जड आहे, मिस्त्री. हलणार नाही."

"वजनाचं न्हाई म्हनत मी. मेंढरामागं आमी कापडाचं पाल ठोकायचो. तोंड वाऱ्याकडं आन मागलं बंद, असं झालं की पाल फुगायचं, खुट्यासकट जायचं. ह्ये बी पालच हाय, लय मोठं."

मला राग आला. डबा तसाच झाकून मी उठले. पण घरी येऊन पुन्हा गणित मांडलं. जोराचा वारा सुटला, की छपरावरून वाहणारा वारा त्याला वर ओढणार आणि आत कोंडलेला खालून ढकलणार. दोन्ही मिळून छपराच्या वजनावर मात करत होते. खांब पायाशी धरून ठेवणारे माझे बोल्ट पुरलेच नसते.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सांगितलं, "मी होकार दिला, ती चूक झाली." बोलणी खाल्ली. मागच्या पत्र्यात वरच्या बाजूला वाऱ्याला रुंद वाट सोडली, बोल्ट जाड आणि खोल घेतले.

उन्हाळ्यात वळीव आला तेव्हा मिस्त्री आणि मी तिथेच होतो. समोरच्या रसवंतीचा मांडव उडाला. आमच्या छपराची पुढची कड हलकेच वरखाली झाली, पत्रे घुमले, मग सगळं शांत झालं.

"त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले होते," मी म्हणाले.

"कळलं हुतं की. पर तुमी घरी जाऊन परत मोजलं. समदी न्हाई मोजत."

मिस्त्री आता नाहीत. मी पुण्यात मोठमोठ्या स्टेडियमची छपरं आखते, त्यांच्या छोट्या प्रतिकृती कृत्रिम वारा सोडणाऱ्या बोगद्यात ठेवून तपासते. तरी कधी सांगलीला आले, की वाकडी वाट करून तिथे जाते आणि पायऱ्यांवर थोडा वेळ बसते.