खालची चार अंडी

सरडा पाळायला पैसा लागत नाही. धीर लागतो, आणि तो माझ्याकडे तेव्हा शिल्लक नव्हता.

२००४ साल. बाबांना लकवा मारल्याला दुसरं वर्ष लागलं होतं. उजवी बाजू पार गेली होती. जन्मभर गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोती उचललेला माणूस जवळच्या मुर्री गावातल्या आमच्या घरात खाटेवर पडून होता. आई आधीच गेलेली. सकाळी मी अंगणवाडीत कामाला जायची, तेवढा वेळ शेजारच्या काकू बघायच्या. बाराला घरी आले की दर दोन तासांनी बाबांची कूस बदलायची, आणि मधल्या वेळात हाकाच हाका. पाणी दे. माशी हाकल. खिडकी उघड. खिडकी लाव. मला दुपारची दोन तास झोप हवी होती, बस. खोटं कशाला बोलू, सरडा मी बाबांसाठी नाही, माझ्या झोपेसाठी आणला.

कुंपणाच्या बेशरमीच्या झुडपांवर सरडे असायचेच. खिडकीतून एखादा दिसला की बाबा गप्प होऊन बघत राहतात, हे माझ्या ध्यानात आलं होतं. आईचं दूध-दही ठेवायचं जाळीचं कपाट रिकामंच पडलं होतं. त्यात फांद्या अडकवल्या, तळाला घमेलंभर माती टाकली आणि गवताच्या काडीचा फास करून एक सरडा धरून आणला. सकाळी तासभर कपाट उन्हात, मग खाटेशेजारी. ओला पुठ्ठा भिंतीशी टाकून ठेवला की दोन दिवसांत वाळवी लागते, ती त्याला खायला. नाकतोडे तर बांधावर हवे तेवढे. वाटीतलं पाणी तो पीत नाही, पानांवर शिंपडलं की थेंब चाटतो. काकू छत्तीसगडच्या. त्यांनी कपाळावर हात मारला, सरडा कुणी पाळतं का म्हणाल्या. "टेटका ल कोन पोसथे, नोनी?"

बाबा मात्र दुपारभर बघत राहायचे आणि मी झोपायची. पंधरा दिवसांनी ते म्हणाले, "थे मादी हाय. तिले नर आन." लाल मानेचा एक नर आणून आठ दिवस ठेवला, भांडायला लागला तसा सोडून दिला. पुढच्या महिन्यात तिनं तळातली माती उकरून अकरा अंडी घातली. पांढरी, शेंगदाण्याएवढी, कवच मऊ. कपाटात ती तुडवली जातील म्हणून फुटक्या माठाच्या बुडात ओलसर माती घालून मी ती पुरली. चार खाली, वर मातीचा थर, त्यावर सात.

इथं बाबांचं कोंबड्यांचं शहाणपण आड आलं. गावठी कोंबड्या त्यांनी आयुष्यभर बसवल्या होत्या.

"कोंबडी का निस्ती बसून रायते? अंडे उलटेपालटे करते. नाई त पिलू एका बाजूले चिटकते. तू रोज फिरव."

मी फिरवायला लागले. वरची सात. खालच्या चारांसाठी सगळी माती काढावी लागली असती, आणि बाबांची कूस बदलून बदलून माझी कंबर कामातून गेली होती. एकदाही हात घातला नाही.

"फिरवले?" बाबा रोज संध्याकाळी विचारायचे.

"फिरवले."

"सारे?"

"सारे, बाबा."

वरची सात पिवळी पडली, आत दबली, बुरशी लागली. उन्हानं सुकली असतील, असं मी मनाला समजावलं आणि गुपचूप फेकली. दीड महिन्यानंतर एका सकाळी माती हलली. खालच्या चारही अंड्यांतून पिल्लं निघाली. एक मी बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. ते वाकड्या तोंडानं हसले, डोळ्यांतून पाणी आलं. लकव्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग बाबा येईल त्याला सांगत सुटले, "माह्या पोरीनं एक दिस नाई चुकवला." ती शाबासकी मला खायला उठायची. लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे आणि मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत पळायची.

दुसऱ्या वर्षीही आठ दिवस नर आणून ठेवला, मादीनं पुन्हा अंडी घातली. बारा. मी ठरवलं, औंदा लबाडी नाही. रोज पहाटे माती काढून बाराच्या बारा अंडी फिरवली. ताप होता तेव्हाही फिरवली. बाबांची तब्येत उतरत चालली होती, बोलणं अर्धंच कळायचं, पण दिवस बरोबर मोजत होते. दीड महिना झाला, दोन झाले. शेवटी माठ पालथा केला. सगळी सडलेली.

बाबांनी मान वळवून ती बघितली. मग म्हणाले, "औंदा तू फिरवलेच नाई."

माझं डोकंच फिरलं. दोन वर्षांचा शीण त्या एका वाक्यावर निघाला. "फिरवले! रोज फिरवले, खालचे सुदा! मागच्या साली नवते फिरवले खालचे. खोटं बोलत होती मी तुमच्यासंग. थेच चार निंगाले ना?"

बोलले आणि जीभ चावली. वाटलं, आता हा माणूस भिंतीकडे तोंड करून घेईल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, माठाकडे पाहिलं. ओठ हलवून शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"मंग औंदा कायले फिरवले वो?"

मी हसायला लागले ते थांबेचना, आणि हसता हसता रडू आलं. बाबाही हसले. त्या दिवशी कूस बदलायला तासभर उशीर झाला.

पुढच्या पावसाळ्यापर्यंत बाबा राहिले नाहीत. तरी मी नर आणून ठेवला, मादीनं नऊ अंडी घातली. मी त्यांना हात लावला नाही, नऊच्या नऊ निघाली. सगळी कुंपणावर सोडली, मादीलाही सोडलं आणि दुपारी दार लोटून बाबांच्या खाटेवर पडले. आता हाक मारणारं कोणी नव्हतं. झोप काही आली नाही.