मुंग्या दाखवणाऱ्या बाई

आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या हेडक्लार्क बाईंना सगळे मुंगीबाई म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. मीही म्हणायचे. आज आठवलं की स्वतःचाच कान पिळावासा वाटतो.

नवं माणूस कामावर आलं की बाई त्याला एक यादी टाइप करायला देत आणि ती वाचतही नसत. कॉम्प्युटरवर एक बटण असतं, ते दाबलं की एरवी न दिसणाऱ्या खुणा दिसतात. जिथे स्पेसबार दाबला तिथे एकेक ठिपका. रकाने सरळ दिसावेत म्हणून ज्याने स्पेसबार बडवला असेल, त्याच्या कागदावर ठिपक्यांची रांगच्या रांग उमटे. "बघ, मुंग्या लागल्या," बाई म्हणत. बस्स, एवढंच.

माझ्या यादीत तर वारूळच फुटलं होतं. अर्जात मी ‘संगणकाचे उत्तम ज्ञान’ असं ठोकून दिलं होतं. सर्टिफिकेट खरं होतं, पण क्लासमध्ये कॉम्प्युटर तीन आणि आम्ही वीस जणी. मी कायम मागे, दुसरीच्या खांद्यावरून बघणारी. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटी बहीण शिकत होती. ही नोकरी गेली असती तर आमचं कठीण होतं. मी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं, आणि विचारायची लाज वाटली.

पंधरा दिवसांनी तपासणी शिबिराची यादी माझ्याकडे आली. नाव, वार, वेळ. मी पुन्हा स्पेसबारनेच रकाने लावले, दिसायला अगदी देखणे. मोठे डॉक्टर येऊन म्हणाले, "अक्षरं मोठी करा. एवढं बारीक दिसलं असतं तर पेशंट इथे कशाला आले असते?" मी अक्षरं मोठी केली आणि अख्खी यादी कोसळली. एकाची वेळ दुसऱ्याच्या नावाखाली, वार भलतीकडेच.

"हिला कोणी शिकवलं हे?" डॉक्टरांनी बाईंना विचारलं.

"मी शिकवायला हवं होतं. राहून गेलं."

"हिला कायम करायचं की नाही, त्यावर तुमचा शेरा लागणार आहे. असलं काम असेल तर मी सही करणार नाही."

"तीन महिने झाले की बघा ना, डॉक्टर."

ते गेल्यावर बाई खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या. "आता खरं सांग. काय काय येत नाही?"

"टेबल घालता येत नाही. आणि..." मी थांबले. "खरं म्हणजे बाई, काहीच येत नाही."

"मग सोपं आहे. अर्धवट येणाऱ्यांना शिकवताना माझा जीव जातो."

पुढचे अडीच महिने आमची जेवणाची सुट्टी त्यातच गेली. ड्रेसिंगच्या खोलीतून चिकटपट्टी आणून बाईंनी ती माझ्या स्पेसबारवर उलटी लावली, चिकट बाजू वर. दोनदा दाबला की अंगठा तिथेच अडके आणि बाई डबा उघडता उघडता नुसत्या खोकत. तो खोकला मला अजून ऐकू येतो. इतक्या मायेने मला आईनेसुद्धा कधी टोकलं नव्हतं.

तीन महिन्यांनी बाईंचा शेरा गेला. दोनच वाक्यं होती: ‘काम येते. येत नसेल तेव्हा विचारते.’ डॉक्टरांनी सही केली.

बाई निवृत्त झाल्या, आणि काही वर्षांनी गेल्या. आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. जुना कॉम्प्युटर काढून टाकायचा ठरला, तेव्हा मी त्यातल्या फाइली चाळत होते. सगळ्यात जुनी फाइल बाईंची होती, नोकरीत कायम करण्यासाठी केलेला अर्ज. सवयीने मी ते बटण दाबलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत मुंग्याच मुंग्या. आणि पहिलंच वाक्य, ‘मला संगणकाचे उत्तम ज्ञान आहे.’

मी एकटीच हसत सुटले, मग डोळे भरून आले. हे त्यांच्यासमोर बसून हसायचं होतं मला.

गेल्या आठवड्यात एक नवी मुलगी आली, हातात डिग्री. तिची यादी पाहून मी बटणाकडे हात नेला, तशी तिची मान खाली गेली. मी तिची यादी बंद केली आणि आधी बाईंचा अर्ज उघडला.