डिस्कला हाक मारणारे काका

वाट पाहण्यात आमच्या काकांचा हात धरणारा माणूस डोंबिवलीपासून टेंभी नाक्यापर्यंत सापडणार नाही. काका म्हणजे वर्तकनगरच्या तपासणी केंद्रात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे गृहस्थ. सगळे जमल्याशिवाय ते डबा उघडत नसत, आणि जमलेल्यांत कोणी हात धुवायला गेला की झाकण पुन्हा लावत. लिफ्टचं दार पायाने अडवून, जिन्यात नुसता आवाज आलेल्या अनोळखी माणसासाठीही थांबत. 'येतोय ना बिचारा,' एवढंच म्हणत.

हीच तऱ्हा सर्व्हरशी. आमचे एक्स-रे ज्या डिस्कवर राहत ती मागच्या इमारतीत, नेटवर्कच्या तारेपलीकडे. सर्व्हर सुरू झाला की ती जोडावी लागे. काका ते स्वतःच्या हाताने करत, सुट्टीच्या दिवशीसुद्धा डोंबिवलीहून येऊन. "काका, डिस्क आंघोळीला गेलीय का?" आम्ही विचारायचो. "हसा. आधी नेटवर्क उठू दे, तोंड धुऊ दे, मग तिला हाक मारायची."

मला याचा वैताग यायचा. एका संध्याकाळी कोणाला न सांगता मी सर्व्हरच्या फाइलीत एक ओळ लिहिली: सुरू होतानाच डिस्क आपोआप जोड, नाही मिळाली तर अडून बसू नकोस. दुसऱ्या सकाळी वीज जाऊन आली. काका दातांच्या डॉक्टरकडे गेलेले. तिथून फोन आला, "डिस्क लागली का रे?" मी न बघताच म्हणालो, "लागली."

लागली नव्हती. नेटवर्क उठायच्या आधीच सर्व्हरने तिला शोधलं आणि तो पुढे निघून गेला. सकाळचे सगळे एक्स-रे डिस्कच्या जागी असलेल्या रिकाम्या फोल्डरमध्ये पडत राहिले. दुपारी काकांनी येऊन डिस्क जोडली, तशी ती झाकणासारखी त्यावर बसली आणि सकाळ दिसेनाशी झाली. एक्स-रे सापडेना म्हणून दिवा स्टेशनजवळच्या एका आजींना दुखरी कंबर घेऊन पुन्हा यावं लागलं.

साहेब सगळ्यांसमोर ओरडले, "काका, विसरलात? कोणाची वाट बघत होतात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे. "हो साहेब, राहून गेलं," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनीच डिस्क काढून खालचे एक्स-रे वर आणले. पण सर्व्हर त्यांच्याकडून गेला तो गेलाच. निवृत्तीपर्यंत ते काउंटरवर टोकन देत बसले. डिस्क मात्र त्यानंतर बिनबोभाट आपोआप लागत राहिली, आणि शाबासकी मला मिळाली. मीही घेतली.

परवा जुना सर्व्हर बदलताना ती फाइल उघडली. माझ्या ओळीत माझा नसलेला एक शब्द होता, 'नेटडेव्ह'. नेटवर्क आल्याशिवाय हिला हात लावू नकोस, असा त्याचा अर्थ. बदलाची तारीख काकांनी एक्स-रे वर आणले त्याच संध्याकाळची.

रविवारी डोंबिवलीला गेलो. काकूंनी चहा ठेवला. "काका, ती ओळ माझी होती. आणि मी फोनवर खोटं बोललो."

"माहितेय रे. तुझी घाई ओळखली मी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू उठायच्या आधी हाक मारून काय उपयोग होता?"

माझं लक्ष त्यांच्या कपाकडे गेलं. चहाला त्यांनी हात लावला नव्हता. मी माझा कप उचलायची ते वाट बघत होते, आणि त्यांच्या चहावर केव्हाची साय धरली होती.