इराणी वाडगा आणि तांदळाचा डबा

चारकोपच्या वन-रूम-किचनमध्ये राहणारा माणूस इराणची जुनी भांडी जमवतो, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. न बसू दे! शोकेसमध्ये एक निळी फरशी होती, झाकण हरवलेली बरणी होती, आणि जोगेश्वरीच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून मी मोरपिशी वाडगा आणला. दुकानदार म्हणाला, चारशे वर्षांचा. घरी पोचेपर्यंत मी त्याला आठशेचा केला होता. इराणच्या शहाचा स्वयंपाकी त्यातून पुलाव वाढायचा, हे लिफ्टमध्येच दोघांना सांगून झालं.

मग घोळ केला. नवा माठ आपण आधी पाण्यात भिजवतो ना, तसा मी वाडगाही दिवसभर बादलीत ठेवला. संध्याकाळी बघतो तर तीन तुकडे, आणि वर तरंगणारा रंग! कुणीतरी आधीच जोडून, रंगवून तडे लपवले होते.

“चार दिवसांवर गौरी आल्यात, फुटकं भांडं त्यांच्यासमोर नको,” बायको म्हणाली. “उद्या घंटागाडीत.”

“अगं, ते कधीचंच फुटलंय. आजवर कुणी टाकलं नाही.”

“मग मी टाकते!”

शेवटी तह झाला. गौरीच्या हळदीकुंकवापर्यंत जोडून उभा राहिला तर वाडगा शोकेसमध्ये. पण आलेल्या बायकांना मी एकही थाप मारायची नाही.

मी हट्टालाच पेटलो. सांधा हलू नये म्हणून चिकटवलेले तुकडे तांदळाच्या डब्यात रोवले. चार दिवस घरात भात नाही, नुसती भाकरी. पंखा बंद. शिंक आली की तीन मजले उतरून थेट बसस्टॉपवर जाऊन शिंकायचो.

हळदीकुंकवाला वाडगा उभा होता, तिन्ही सांधे न रंगवता, उघडे ठेवून. तळमजल्यावरच्या कोळीण मावशींनी कुंकू घेऊन वळतावळता पाहिलाच. माशाचे कल्ले बघून ताजेपणा ओळखणारी नजर ती!

“फुटलाय गो यो!”

सगळ्या बायका वळल्या. माझ्या तोंडात शहा, स्वयंपाकी, पुलाव सगळे दाटले. पण शब्द दिला होता. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गौरीकडे.

“फुटलेला नाही, मावशी, जोडलेला आहे,” ती म्हणाली. “इराणच्या राणीचा. लग्नात सासूने दिला होता तिला. तिने रागाने आपटला, आणि राजाने स्वतः बसून जोडला.”

मी आपला स्वयंपाक्यापर्यंतच पोचलो होतो.